तंबूर आणि त्सिम्बल: ऑटोमन दरबारापासून ज्यू लग्नघरापर्यंत

पूरिया, मारवा आणि सोहनी हे राग ज्याने एका बैठकीत लागोपाठ ऐकले असतील, त्याला इस्तंबूलच्या दरबारी संगीताची अर्धी वाट आधीच माहीत आहे. तिन्ही रागांत स्वर तेच. रिषभ कोमल, मध्यम तीव्र, पंचम वर्ज्य. तरी पूरिया मंद्रात रमतो, मारवा मधल्या सप्तकात रिषभ-धैवतावर अडून बसतो आणि सोहनी तार षड्जाभोवतीच फिरत राहते. स्वर सारखे असून माणसं वेगळी, असा हा प्रकार. राग म्हणजे नुसती स्वरांची यादी नव्हे, हे आपल्याला या तिघांनी शिकवलेलं असतं.

हीच गोष्ट तुर्की संगीतात मकामाच्या बाबतीत घडते. आणि मकामाचा इतिहास नीट उलगडून दाखवणाऱ्या मोजक्या अभ्यासकांत वॉल्टर झेव फेल्डमन हे नाव फार वर घ्यावं लागतं. फेल्डमन अमेरिकन, ज्यू कुटुंबातले. ऑटोमन, म्हणजे इस्तंबूलच्या तुर्की सुलतानांच्या, दरबाराच्या संगीतावरचा त्यांचा ग्रंथ 1996 साली निघाला आणि पूर्व युरोपातल्या ज्यू वादकांच्या संगीतावरचा, म्हणजे क्लेझ्मरवरचा, 2016 साली. रूमीच्या परंपरेतल्या मेव्हलेवी दर्वेशांच्या, म्हणजे सूफी फकिरांच्या, संगीतावर 2022 मध्ये आणखी एक. पण ते केवळ ग्रंथ लिहिणारे नाहीत. ऑटोमन संगीतातला लांब दांडीचा तंबूर आणि क्लेझ्मरमधला संतूरसारखा त्सिम्बल ही दोन्ही वाद्यं त्यांच्या हातातली आहेत. एक दरबारातलं, एक लग्नघरातलं. एका माणसाला या दोन्हींचं एवढं वेड का असावं, हा प्रश्न वरवर विचित्र वाटतो. पण मकाम म्हणजे काय हे कळलं की त्याचं उत्तर हळूहळू सापडत जातं.

तेव्हा आधी मकाम. मकामात स्वर ठरलेले असतात, कुठे येऊन थांबायचं ते ठरलेलं असतं, मध्ये कोणत्या स्वरावर वजन द्यायचं तेही ठरलेलं असतं. पण खरा मुद्दा असतो 'सेयिर', म्हणजे मकामाची चाल. आपल्याकडे ज्याला रागाचं चलन म्हणतात, तेच. हुसेनी मकाम पाचव्या स्वराच्या आसपास सुरू होतो, तिथे रेंगाळतो, थोडा वर जाऊन येतो आणि सावकाश आधारस्वरावर उतरतो. मुहय्यर मकामात स्वर हेच, पण त्याची सुरुवातच वरच्या आधारस्वरापाशी होते आणि सगळा प्रवास उताराचा. तिसरा उश्शाक यांचा सख्खा शेजारी. तो खालून, आधारस्वराजवळून उठतो आणि चौथ्या स्वराला मान देतो. पूरिया-मारवा-सोहनीची आठवण झाली ना? मलाही हे पहिल्यांदा समजलं तेव्हा तीच झाली होती.

आता श्रुतीकडे या. तुर्की संगीतकार एका पूर्ण स्वराचे, म्हणजे आपल्या सा ते रे एवढ्या अंतराचे, नऊ सूक्ष्म भाग मानतात. एकेका भागाला ते 'कोमा' म्हणतात. 'सेगाह' नावाचा एक स्वर आहे. रास्त मकामात तो तिसरा स्वर म्हणून येतो, तेव्हा तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणाऱ्या शुद्ध गंधाराच्या अगदी जवळ असतो. तोच सेगाह उश्शाकमध्ये दुसरा स्वर म्हणून आला की जाणता वादक त्याला आणखी खाली ओढतो. कागदावर खूण तीच, कानाला स्वर वेगळा. दरबारीचा गंधार आणि बागेश्रीचा गंधार दोन्ही 'कोमल' म्हणूनच लिहितात, पण दरबारीत बागेश्रीचा गंधार लावला तर गुरुजी गाणं थांबवतील. तसंच हे.

हा फरक पुस्तकातून शिकता येत नाही. तो समोर बसून शिकावा लागतो, आणि तुर्की परंपरेत अशा शिकण्याला 'मेश्क' म्हणतात. गुरू म्हणतो, शिष्य पाठोपाठ म्हणतो, आणि दोघे आपापल्या गुडघ्यांवर हातांनी ताल धरतात. तालाला तिथे 'उसूल' म्हणतात आणि त्याचे बोल 'दुम' आणि 'तेक'. काही उसूल आठ-नऊ मात्रांचे, सुटसुटीत. पण 'झेंजीर' नावाचा एक उसूल आहे, त्याचा अर्थ साखळी. 16, 20, 24, 28 आणि 32 मात्रांचे पाच उसूल एकापाठोपाठ एक जोडून तो बनतो. एकूण 120 मात्रा. एवढं आवर्तन गुडघ्यांवर सांभाळत रचना पाठ करायची. आपल्याकडचा पखवाजी यावर खूश होईल.

एवढी तोंडी परंपरा असेल तर तीनशे-चारशे वर्षांपूर्वी इस्तंबूलमध्ये नेमकं काय वाजत होतं, हे कळणार कसं? इथे दोन माणसं मदतीला येतात आणि दोघेही बाहेरून आलेले. पहिला वोयचेख बोबोव्स्की, सतराव्या शतकातला पोलिश तरुण. तातार टोळ्यांनी पकडून नेला, इस्तंबूलच्या राजवाड्यात पोहोचला, मुसलमान झाला आणि अली उफ्की म्हणून ओळखला जाऊ लागला. राजवाड्यात तो संतूर वाजवत असे. ऐकलेल्या रचना त्याने युरोपीय पद्धतीच्या रेघांवर लिहून ठेवल्या, पण उजवीकडून डावीकडे, म्हणजे तुर्की मजकूर खाली बसवता यावा. दुसरा दिमित्रिए कांतेमिर, मोल्दाव्हियाचा राजपुत्र, जन्म 1673. मोल्दाव्हिया, म्हणजे आजच्या रुमानिया-मोल्दोव्हाकडचा मुलूख, तेव्हा ऑटोमन सुलतानाचं मांडलिक राज्य होतं आणि तिथल्या राजघराण्यातला मुलगा ओलीस म्हणून राजधानीत ठेवण्याची रीत होती. कांतेमिर त्या निमित्ताने इस्तंबूलमध्ये राहिला, तंबूर शिकला, चांगला वादक झाला. स्वरलेखनाची स्वतःची पद्धत काढून त्याने साडेतीनशेच्या आसपास वाद्यरचना टिपून ठेवल्या. पुढे 1711 मध्ये रशियाच्या झारची बाजू घेऊन तो युद्ध हरला आणि रशियात पळून गेला, पण त्याची वही मागे राहिली.

कांतेमिरच्या वहीची गंमत अशी की तो मकाम समजावतो तो तंबुराच्या पडद्यांवरून. हा तंबूर म्हणजे आपला तंबोरा नव्हे. गोल लाकडी तुंबा, त्याला लांबच लांब बारीक दांडी आणि दांडीवर सतारीसारखे सरकवता येणारे भरपूर पडदे. वाजवायला कासवाच्या पाठीची पातळ पट्टी, जिला तिथे 'मिझराप' म्हणतात. आपल्या सतारियांच्या बोटातली मिजराब ती हीच, निदान शब्दाने तरी. कांतेमिरच्या खुणा त्या दांडीवरच्या जागा दाखवतात. म्हणून त्याची वही तंबूर वाजवणाऱ्याने उघडली तर तिच्यातली अक्षरं थेट बोटांखाली येतात. ती अक्षरं पुढ्यात ठेवून कोणत्या जागी हात सहज जातो, कोणत्या जागी अडखळतो हे वादकाला लगेच कळतं. ज्याने वाद्य धरलेलंच नाही, त्याला हे समजायला बराच फेरा घालावा लागतो. फेल्डमन यांच्या ग्रंथाचा दर्जा मला इथे दिसतो. ते वही वाचतात आणि ती वाजवूही शकतात.

त्या वाचनातून निघालेली एक गोष्ट तर आपल्याला अगदी घरची वाटेल. 'पेशरेव' हा तिथला वाद्यरचनेचा मुख्य प्रकार. शब्दाचा अर्थ पुढे चालणारा, कारण मैफिलीच्या सुरुवातीला तो वाजतो. कांतेमिरने टिपलेले काही पेशरेव पुढच्या शतकांतही वाजत राहिले आणि पुन्हा लिहिले गेले. आधीची आणि नंतरची नोंद शेजारी ठेवली तर काय दिसतं? कांतेमिरच्या वहीत एका मात्रेवर एखाददुसरा स्वर. नंतरच्या नोंदीत त्याच मात्रेवर स्वरांची अख्खी वेल. रचना संथ होत गेली आणि दोन स्वरांमधली जी जागा रिकामी झाली, ती प्रत्येक पिढीने आपापल्या नक्षीने भरली. शेवटी जुनी चाल नवीन चालीच्या पोटात सांगाड्यासारखी राहिली. फेल्डमन आणि ब्रिटिश अभ्यासक ओवेन राइट या दोघांनी ही प्रक्रिया उलगडून दाखवली आहे. बडा ख्याल विलंबित होत होत अतिविलंबित झाला आणि ठेक्याच्या दोन मात्रांमध्ये एवढी जागा निघाली की तिथे आख्खा आलाप मावावा, हे आपण विसाव्या शतकात पाहिलं. इस्तंबूलने आपल्या पद्धतीने ते आधी करून दाखवलं होतं.

यावर फेल्डमन यांचं म्हणणं ठाम आहे. ऑटोमन संगीत म्हणजे इराणी-अरबी संगीताची उरलेली सावली, असं बरेच दिवस समजलं जाई. ते म्हणतात, तसं नाही. साधारण 1600 नंतर इस्तंबूलमध्ये एक नवीन संगीत उभं राहिलं, तिथल्या माणसांनी उभं केलेलं, युरोपकडून काही न घेता आधुनिक झालेलं. आणि ही माणसं एका धर्माची नव्हती. दर्वेश होते, राजवाड्यातले गुलाम होते, ग्रीक चर्चचे गायक होते, आर्मेनियन होते, सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, प्रार्थना म्हणणारे ज्यू होते. झाहार्या हा अठराव्या शतकातला नावाजलेला रचनाकार ग्रीक. सुलतान तिसरा सेलीम स्वतः मोठा रचनाकार होता, त्याला तंबूर शिकवणारा तंबुरी इझाक ज्यू. हे गुरू-शिष्य समोरासमोर बसून गुडघ्यांवर उसूल धरत असतील, तेव्हा एक साम्राज्याचा धनी आणि दुसरा त्याचा यहुदी प्रजाजन. इझाकचे पेशरेव आजही वाजतात.

हे ज्यू इस्तंबूलला आले कुठून? बहुतेकांचे पूर्वज स्पेनमधून. 1492 मध्ये स्पेनच्या राजाराणीने ज्यूंना देशाबाहेर काढलं आणि त्यांतले कितीतरी ऑटोमन मुलखात येऊन राहिले. बोलायला त्यांची जुनी स्पॅनिश, प्रार्थनेला हिब्रू, आणि गाण्यासाठी भोवतालचे मकाम. इस्रायल नजारा या कवीने तर हिब्रू पदांचा संग्रहच मकामांप्रमाणे लावला. तो 1587 मध्ये पॅलेस्टाइनमधल्या सफेद नावाच्या गावी छापला गेला. पदाच्या डोक्यावर तो लिहीत असे की हे अमुक तुर्की, अरबी किंवा स्पॅनिश गाण्याच्या चालीवर म्हणावं. आपल्या संगीत नाटकांची जुनी पुस्तकं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना पदावरचा 'चाल' हा शब्द आणि पुढे मूळ गाण्याचे दोन शब्द लगेच आठवतील. तेच हे. नजारा तर एक पाऊल पुढे जाई. मूळ परकी ओळ जशी कानाला ऐकू येते, तिच्याशी नाद जुळणारे हिब्रू शब्द तो शोधून काढी.

तुर्कस्तानातल्या एदिर्ने या शहरात ही परंपरा सर्वांत फुलली. शनिवारी पहाटे, मुख्य प्रार्थनेच्या आधी, तिथले गायक सिनेगॉगमध्ये जमून मकामांत बांधलेली हिब्रू पदं म्हणत. त्यांना 'माफ्तिरीम' म्हणतात. शनिवारी ज्यू धर्मात वाद्य वाजवायचं नसतं, म्हणून सगळं गळ्यावर. गावात मेव्हलेवी दर्वेशांचा मठही होता, आणि दर्वेश सिनेगॉगला गाणं ऐकायला येत, ज्यू गायक मठात जात, अशी आठवण दोन्हीकडे जपलेली आहे.

बायबलमधली कथा आणि शेजाऱ्याच्या घरचं गाणं ही जोडी आपल्या मातीतही जमली आहे, म्हणून थोडं थांबतो. कोकणातले बेने इस्रायली, ज्यांना गावोगावी शनवार तेली म्हणत, ते मराठी बोलणारे ज्यू. 1880च्या सुमारास मुंबईत त्यांनी मराठी कीर्तनं करायला सुरुवात केली. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्यानं, आणि मांडणी आपल्या हरिदासांची. शिवाय पुण्याचं लाल देऊळ आणि भायखळ्याचं सिनेगॉग बांधणारं ससून घराणं बगदादचं, आणि बगदाद तेव्हा ऑटोमन साम्राज्यात होतं. ऑटोमन ज्यूंची गोष्ट म्हणजे कुठली तरी दूरची गोष्ट, असं पुण्या-मुंबईच्या माणसाने तरी समजू नये.

आता त्सिम्बलकडे. फेल्डमन यांच्या वडिलांकडचं मूळ बेसाराबियात, म्हणजे साधारण आजच्या मोल्दोव्हात. तिथले ज्यू वेगळे. ते स्पेनवाले नव्हेत, तर यिडिश ही पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा बोलणारे अश्केनाझी. त्यांच्या लग्नात वाजवणाऱ्या वादकाला 'क्लेझ्मर' म्हणत. हिब्रूत 'क्ले झेमेर' म्हणजे गाण्याची साधनं. वाद्याचं नाव वादकाला चिकटलं, आणि नंतर त्यात थोडा हेटाळणीचा सूरही आला, जसा आपल्याकडे 'वाजंत्री' शब्दात कधी कधी येतो. पुढाकार व्हायोलिनचा, सोबत त्सिम्बल. त्सिम्बल म्हणजे आपल्या संतूरचा भाऊच: चौकटीवर ताणलेल्या तारा आणि दोन हातांत दोन काड्या. अली उफ्की राजवाड्यात वाजवायचा ते वाद्यही याच कुळातलं.

क्लेझ्मर वादकाच्या हातची एक जागा सांगतो. 'क्रेख्ट्स' म्हणजे यिडिशमध्ये हुंदका किंवा कण्हणं. व्हायोलिनवादक स्वर लावतो आणि तो सोडताना बोट क्षणभर वरच्या स्वराला निसटता स्पर्श करतं, आणि गज तिथेच अडतो. आवाज घशात दाटून तुटल्यासारखा येतो. लिहायचा झाला तर कागदावर एक बारीक टिंब दिसेल. लग्नाआधी नवरीला मधोमध बसवून तिच्यासाठी जे संगीत वाजवत त्यात हा हुंदका असे, आणि बायका खरोखर रडत. त्याच जागा पुढे नाचाच्या गाण्यातही राहिल्या. म्हणून क्लेझ्मर वेगात वाजत असतानाही कुठेतरी गळा दाटलेला ऐकू येतो.

या संगीतातला एक लाडका स्वरसमूह हार्मोनियमवर सहज सापडतो. सा, कोमल रे, शुद्ध ग, शुद्ध म, पंचम, कोमल ध, कोमल नी. आपण याला बसंत मुखारी म्हणतो, आणि याचंच दुसरं नाव हिजाज भैरव. यिडिश वादक याला 'फ्रेगिश' म्हणतात, तुर्की संगीतात याचा नातलग हिजाझ मकाम. लगेच उडी मारून असं म्हणायचा मोह होतो की म्हणजे क्लेझ्मर तुर्कस्तानातून आलं. फेल्डमन इथेच हात धरून थांबवतात. फ्रेगिशचे कितीतरी वाक्प्रयोग अश्केनाझी प्रार्थनेतून आले आहेत आणि जुने नाच मध्य युरोपातले आहेत. स्वर जुळले म्हणून नातं सिद्ध होत नाही, चलन जुळावं लागतं. पूरिया आणि सोहनीचा धडा इथेही लागू पडतो.

पण खरं नातंही आहेच, आणि ते त्यांनी ठिकाण दाखवून पकडलं. ते ठिकाण मोल्दाव्हिया, कांतेमिरचं राज्य. 1711 नंतर शंभरेक वर्षं तिथे इस्तंबूलहून नेमलेले ग्रीक राज्यकर्ते बसत होते. त्यांच्या दरबाराबरोबर इस्तंबूलचं संगीतही यायचं. स्थानिक रोमा, म्हणजे जिप्सी, वादक आणि ज्यू वादक एकमेकांबरोबर वाजवत, एकाच ताफ्यातही असत. लग्नाच्या जेवणावेळी क्लेझ्मर वादक ठेका सोडून मुक्त, आलापासारखं जे वाजवत, त्याला ते 'तक्सीम' म्हणत. हा इस्तंबूलचाच शब्द. तिथेही मकामातल्या आलापाला तक्सीम म्हणतात. पुढे त्याची जागा रुमानियन मेंढपाळांच्या 'दोइना'ने घेतली आणि तक्सीम विस्मरणात गेला. मोल्दाव्हियाचा पूर्वेकडचा भाग, म्हणजे बेसाराबिया, 1812 मध्ये रशियाकडे गेला, तरी तिथल्या लग्नातले नाच आणि दोइना ज्यू वादकांनी घेतले आणि पुढे न्यूयॉर्कपर्यंत नेले. वॉल्टर फेल्डमन यांच्या वडिलांकडचा मुलूख आणि तंबुराच्या त्या वहीचा मालक कांतेमिर एकाच मातीतले निघाले, हे मला या सगळ्या गोष्टीतलं सर्वांत सुंदर वळण वाटतं.

दोन्ही परंपरांवर विसाव्या शतकाने जबर घाव घातले. तुर्कस्तानात 1925 मध्ये दर्वेशांचे मठ कायद्याने बंद झाले. 1934 ते 1936 या काळात तिथल्या रेडिओवरून ऑटोमन संगीतच वर्ज्य होतं. एदिर्नेचे ज्यू पांगले. तिकडे पूर्व युरोपात नाझींनी क्लेझ्मर वादक आणि ते ज्यांच्या लग्नांत वाजवत ती गावंच्या गावं संपवली. सोव्हिएत युक्रेनमध्ये मोइशे बेरेगोव्हस्की या संशोधकाने मेणाच्या नळकांड्यांवर हे संगीत जमवलं होतं, त्यालाही 1950 मध्ये अटक झाली. तो सुटला, आणि सुदैवाने त्याची नळकांडी कीव्हमध्ये राहिली.

अमेरिकेत डेव्ह टारास हा युक्रेनमधून आलेला क्लॅरिनेटवादक म्हातारा झाला होता. 1970च्या दशकात फेल्डमन आणि अँडी स्टॅटमन हे दोन तरुण त्याच्याकडे गेले. स्टॅटमन क्लॅरिनेट शिकला. न्यूयॉर्कमध्ये टारासला पुन्हा रंगमंचावर आणलं गेलं. 1979 मध्ये फेल्डमन आणि स्टॅटमन यांची तबकडी निघाली, तीत फेल्डमननी त्सिम्बल वाजवला. त्या काळात हे वाद्य ज्यू संगीतात जवळजवळ कुणीच वाजवत नव्हतं. आज जगभर क्लेझ्मरचे ताफे आहेत, त्या पुनरुज्जीवनाच्या सुरुवातीच्या कामांत हे येतं. पुढे 2000 मध्ये व्हायोलिनवादक स्टीव्हन ग्रीनमन यांच्याबरोबर 'खेव्रीसा' या नावाने त्यांनी क्लॅरिनेटच्या आधीचा, व्हायोलिन आणि त्सिम्बलचा जुना युरोपीय बाज ध्वनिमुद्रित केला.

ऐकायला सुरुवात करायची असेल तर खेव्रीसापासून करा आणि व्हायोलिनचा स्वर सुटताना जो हुंदका येतो त्यावर कान ठेवा. मग तंबुरावरचा एखादा हुसेनी तक्सीम लावा. मात्रा मोजू नका, त्यात ठेका नसतो. वादक पाचव्या स्वरावर किती वेळ थांबतो ते बघा, आणि शेवटी आधारस्वरावर येण्याआधी दुसऱ्या स्वराला तो किती खाली ओढतो तेही.